निअँडरथलसाठी आसवे, कातकऱ्यासाठी कुंपण

विल्यम गोल्डिंगची 'द इन्हेरिटर्स' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'नंतरची त्याची ही दुसरी कादंबरी. तेव्हा हा माणूस इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावात शाळामास्तर होता. पुढे १९८३ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. आज मला लिहायचे आहे ते ही कादंबरी ऐकून माझ्या आसपासची माणसे जे बोलली त्याविषयी. पुस्तक एकच होते, पण ऐकणाऱ्यांनी त्यातून आपापल्या सोयीचे चार अर्थ काढले. चारही अर्थ एकमेकांच्या विरोधातले. तरी चारही जणांनी एक गोष्ट अगदी एकमताने गाळली. माझे भांडण त्या गाळलेल्या गोष्टीसाठी आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. निअँडरथल माणसांचे एक छोटे कुटुंब हिवाळा संपल्यावर समुद्रकाठाहून डोंगरातल्या आपल्या नेहमीच्या जागी परत येते. पाण्यावरचा नेहमीचा ओंडका जागेवर नसतो. म्हातारा माल पाण्यात पडतो, आजारी पडतो आणि मरतो. मग एकेक माणूस नाहीसा होऊ लागतो. जवळच नवी माणसे आलेली असतात. त्यांच्याकडे नावा आहेत, बाण आहेत, मधाची दारू आहे. ती माणसे लिकू नावाची लहान मुलगी आणि अंगावरचे तान्हे बाळ उचलून नेतात. ही सगळी हकीकत आपण बघतो ती 'लोक' नावाच्या निअँडरथलच्या डोळ्यांनी. (त्याचे नाव लोक असणे हा योगायोग, पण मराठीत सांगताना तो फार उपयोगी पडला.) लोकला कपट कळत नाही. बाण येऊन शेजारच्या झाडात रुततो, तर त्याला वाटते झाडाला एकाएकी फांदी फुटली. शेवटाकडे लेखक नजर बदलतो. इतका वेळ ज्याच्या आत बसून आपण जग पाहत होतो तो लोक बाहेरून दिसू लागतो, एक तांबडा केसाळ प्राणी म्हणून. आणि शेवटचे प्रकरण नव्या माणसांच्या नावेत घडते. त्यांच्या मते त्यांनी सैतानांपासून आपला जीव वाचवलेला असतो. निअँडरथलचे ते बाळ त्यांच्याच नावेत असते.

भोरमध्ये आम्ही आठ-दहा जण अधूनमधून पुस्तके वाचायला जमतो. शिक्षक, एक निवृत्त तलाठी, एक औषध दुकानदार, दोन कॉलेजची मुले. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून ही कादंबरी मी प्रकरणागणिक मराठीत सांगत गेले. लिकूचे काय झाले हे कळले तेव्हा दोघांनी डोळे पुसले. आणि मग चर्चा सुरू झाली.

पहिला आवाज आमच्याच मोहल्ल्यातला. "बाजी, हे डार्विनचे आहे. आपल्या पोरांना असले सांगू नका." दुसरा आवाज विज्ञानवाद्याचा. "रडायचे काय त्यात? जो सक्षम तो टिकतो. निसर्गाचा नियम आहे." तिसऱ्याने माझ्याकडे न बघता म्हटले, "म्हणजे मूळचे शांत, भोळे होते आणि बाहेरून आलेल्यांनी त्यांचा निकाल लावला. ही आपल्या देशाचीच गोष्ट आहे." आणि चौथा, कॉलेजात जाणारा आमचा एक मुलगा, घरी जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "आपा, लोक म्हणजे आपणच ना?"

एकेकाला उत्तर देते.

डार्विनच्या नावाने दचकणाऱ्यांना आधी. निअँडरथलची हाडे जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात चुन्याच्या खाणीत मजुरांना १८५६ साली सापडली. डार्विनचे पुस्तक १८५९ सालचे. म्हणजे हा माणूस डार्विनने शोधलेला नाही. तो जमिनीतून निघाला आहे, आणि जमिनीतून निघालेल्या हाडांना फतवा लागू होत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा धडा आहे, आपली मुले त्यावर परीक्षा देतात आणि तरीही जुम्म्याला मशिदीत येतात. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, कारण दिले अभ्यासाचा भार कमी करण्याचे. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. तेव्हा आमच्यातले काही जण खूश झाले. ज्यांच्याशी एरवी आपले कशावरच पटत नाही त्यांच्या निर्णयावर टाळी वाजवताना तरी जरा थांबायचे होते.

इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'मुकद्दमा' लिहिला. त्यात तो खनिजांपासून वनस्पती, वनस्पतींपासून प्राणी, प्राण्यांच्या वरच्या टोकाला माकड आणि त्याला लागून माणूस अशी चढती साखळी मांडतो. तो डार्विन नव्हता आणि त्याला डार्विन ठरवण्याचा माझा हट्ट नाही. पण माकडाच्या शेजारी बसल्याने त्याचा ईमान डळमळला नाही, एवढे तरी मान्य करा. आणि माकडाच्या नात्याची लाज न वाटणारे शेजारी आपल्या तालुक्यातच राहतात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की कातकरी स्वतःची वंशावळ रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांशी जोडतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता "सक्षम तोच टिकतो" म्हणणाऱ्यांना. हे वाक्य विज्ञानाचे कपडे घालून येते, पण बहुतेक वेळा ते जिंकलेल्याचे स्वतःच्या पाठीवरचे थोपटणे असते. निअँडरथल तीन लाखांहून अधिक वर्षे युरोप आणि पश्चिम आशियात राहिला, हिमयुगे त्याने काढली. तो सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी संपला. तीन लाख वर्षे टिकलेल्याला नालायक म्हणण्याआधी आपल्या खात्यावर किती वर्षे जमा आहेत ते मोजावे.

शिवाय त्याला रानटी कोणी ठरवले? फ्रान्समध्ये १९०८ साली ला शापेल येथे एका निअँडरथलचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सेलँ बूल या पंडिताने त्यावरून चित्र रंगवले: गुडघे वाकलेले, मान पुढे आलेली, अर्धा माकड. जगभरच्या पुस्तकांत तेच चित्र छापले गेले. १९५७ मध्ये दोन शरीरशास्त्रज्ञांनी ती हाडे पुन्हा तपासली. तो एक म्हातारा होता आणि त्याला जबर संधिवात होता. एका आजारी म्हाताऱ्याचा वाकलेला कणा पन्नास वर्षे अख्ख्या जमातीच्या नावावर खपला. गोल्डिंगने कादंबरीच्या सुरुवातीला एच. जी. वेल्सचा जो उतारा दिला आहे त्यात निअँडरथल हा असाच राक्षस आहे. त्या चित्राला उत्तर म्हणून गोल्डिंगने लोक उभा केला. इराकच्या कुर्दी भागातल्या शानिदार गुहेत त्याच सुमारास एका निअँडरथलचा सांगाडा निघाला. एक हात निकामी, एका डोळ्याजवळ मोठी जुनी इजा, आणि तरी तो या दुखापतींनंतर अनेक वर्षे जगला. कोणीतरी त्याला खायला घालत होते, सांभाळत होते. "सक्षम तोच टिकतो" हे त्याच्या घरच्यांना कोणी सांगितले नसावे.

तिसरा आवाज मला सर्वांत ओळखीचा. "मूळचे" आणि "बाहेरचे". माझा जन्म भोरचा, शाळा भोरची, माहेर-सासर दोन्ही नीरेच्या पाण्यावर. तरी नवीन ओळख झाली की विचारतात, तुम्ही कुठल्या? मी सांगते, भोरची. मग पुढचा प्रश्न येतो, "नाही, पण मूळच्या?" आपल्याकडे म्हण आहे, ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये. नीरेचे मूळ आमच्याच तालुक्यात, शिरगावला आहे, ते शोधलेही आहे. माणसांचे मूळ शोधायला जाल तर काय सापडते ते ऐका.

२०१० साली स्वांते पाबो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळाले. त्यातून कळले की आफ्रिकेबाहेरच्या बहुतेक सर्व माणसांत निअँडरथलचा अंश आहे, साधारण शेकड्याला दोन. भारतात निअँडरथलची हाडे सापडलेली नाहीत, पण त्याचे रक्त आपल्या सगळ्यांत आहे. भोरच्या राजवाड्याजवळच्या वाड्यात राहणाऱ्यात आहे, आमच्या मोहल्ल्यात आहे, वेल्ह्याच्या धनगरवाड्यावर आहे, पाड्यावरच्या कातकऱ्यात आहे. २०२० मध्ये पाबो आणि झेबर्ग यांनी दाखवले की कोविडची गंभीर बाधा होण्याचा धोका वाढवणारा जनुकांचा एक तुकडा निअँडरथलकडूनच आपल्याला आला आहे. दक्षिण आशियातल्या निम्म्या माणसांत तो आढळतो, युरोपात साधारण सोळा टक्क्यांत. पुण्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी आपण रांगेत उभे होतो तेव्हा त्या तुकड्याने कोणाला जात किंवा मजहब विचारला नाही.

निअँडरथल सोडा, फार जवळचे बघा. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मिळून दाखवले की भारतातले जवळजवळ सगळे समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. प्रमाण कमीजास्त, मिश्रण सगळीकडे. मग "मूळचे" हा शिक्का कोणाच्या कपाळावर मारायचा? गोल्डिंगची कादंबरी "बाहेरच्यां"विरुद्ध वापरणाऱ्याने तिचे शेवटचे प्रकरण विसरायचे ठरवलेले असते. त्या नावेत निअँडरथलचे बाळ आहे. बाई त्याला छातीशी धरते. कादंबरी छापली तेव्हा कोणालाच माहीत नव्हते की पंचावन्न वर्षांनी प्रयोगशाळा हेच सांगणार आहे. आपण त्या नावेतले आहोत, आणि ते बाळही आपल्यातच आहे.

आता आमच्या त्या मुलाला, ज्याने विचारले की लोक म्हणजे आपणच ना. बेटा, तू का विचारलेस ते मला कळते. भाड्याने खोली शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज बदलतो, ते मला माहीत आहे. पण त्या खुर्चीवर बसायची घाई करू नकोस. आपल्याकडे मशीद आहे, दुकाने आहेत, रेशनकार्ड आहे, मत आहे. मी बीएड करून सरकारी पगार घेते. आपल्यावर अन्याय होतो हे खरे, आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण लोकची खुर्ची या तालुक्यात आपली नाही. ती दुसऱ्या कोणाची आहे.

आणि आपल्यातल्या "खानदानी" मंडळींना एक शब्द. लग्नाच्या बोलणीत ज्यांचे पुरखे हमखास अरबस्तान किंवा इराणहून येतात ते तुम्हीच. मुलाणी, आतार, तांबोळी यांच्याशी सोयरीक जुळवताना नाक मुरडणारेही तुम्हीच. मुलाणी हा मराठी गावगाड्यातला बलुतेदार होता, याच मातीत त्याचा वाटा होता. तो शेकडो वर्षे इथला. तुम्ही मात्र बाहेरचे म्हणवून घेण्यात मोठेपणा मानता, आणि दुसऱ्याने बाहेरचे म्हटले की रडता. दोन्ही एकदम चालणार नाही.

आता ती गाळलेली गोष्ट. लिकूसाठी ज्यांनी डोळे पुसले त्यांतल्या एका शिक्षकानेच चहाच्या वेळी सहज म्हटले, "आमच्या वर्गातली कातकऱ्यांची पोरे दिवाळी झाली की गायब. ती जातच तशी. आज इथे, उद्या तिथे. शिकवून काय उपयोग?" कोणी काही बोलले नाही. धर्मवाला गप्प, विज्ञानवाला गप्प, मूळवाला गप्प, आमचा मुलगाही गप्प. पाच मिनिटांपूर्वी नव्या माणसांच्या क्रूरपणावर बोलणारी ही मंडळी.

महाराष्ट्रात सरकारने ज्या तीन जमातींना आदिम जमाती म्हटले आहे त्यांत कातकरी एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकरी अडीच लाखांहून अधिक होते. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारचे झाले आणि कात गेला. मग कोळसा, वीटभट्टी, मासे, खेकडे आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी. मिलिंद बोकील यांच्या कातकऱ्यांवरील पुस्तकाच्या नावातच प्रश्न आहे, विकास की विस्थापन. भोर आणि वेल्ह्यात (कागदावर आता राजगड तालुका) धरणे मोजा: भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. त्यांचे पाणी पुण्याला आणि खाली नीरेच्या कालव्यांना जाते. त्या पाण्याच्या काठाला कातकऱ्यांच्या झोपड्या असतात. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायला आधी नावावर जमीन लागते. ज्याचे घरच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे आहे त्याला कोण काय देणार? आता त्याच काठाला शहरातल्या लोकांची फार्महाऊसे होत आहेत, तारेची कुंपणे पडत आहेत. मासे धरायला जायची वाट एक दिवस बंद असते. गोल्डिंगच्या कादंबरीची सुरुवात आठवा. नेहमीचा ओंडका जागेवर नसतो.

"आज इथे, उद्या तिथे" हा जातीचा स्वभाव नाही. पावसाळ्यात उपाशी दिवस आले की भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते आणि ती फेडायला दिवाळीनंतर अख्खे घर भट्टीवर जाते. मुलांना मागे कोणाकडे ठेवायचे? म्हणून मुले जातात. शिक्षकाला हे माहीत नसेल तर त्याने विचारावे. माहीत असूनही "जातच तशी" म्हणत असेल तर तो बूलचाच विद्यार्थी आहे, एका वाकलेल्या पाठीवरून अख्ख्या जमातीचे चित्र काढणारा.

मेलेल्यांसाठी रडायला काही लागत नाही. निअँडरथल दाखला मागायला येत नाही, बाकावर शेजारी बसत नाही, रेशनच्या रांगेत पुढे उभा राहत नाही. म्हणून तो आपल्याला आवडतो.

कादंबरीच्या नावाचा अर्थ वारसदार. मी उर्दू शिकवते, म्हणून मला एक शब्द आठवतो, खलीफा. आपण तो गादीशी जोडला आणि उर्दूत न्हाव्याला आणि उस्तादालाही मानाने खलीफा म्हणतो. मुळात खलीफा म्हणजे मागून आलेला. कुरआनात अल्लाह जमिनीवर खलीफा नेमणार असल्याचे सांगतो तेव्हा फरिश्ते विचारतात की हा तर तिथे फसाद करील, रक्त सांडील. हा रक्त सांडणार नाही, असे उत्तर मिळत नाही. फरिश्त्यांना जे माहीत नाही ते अल्लाहला माहीत आहे, एवढेच उत्तर मिळते. तबरीसारख्या जुन्या भाष्यकारांनी एक परंपरा नोंदवली आहे की माणसाआधी जमिनीवर जिन्न होते. म्हणजे आपण पहिले नाही, आपण मागून आलो, हे आपल्या धर्माला नवे नाही. मागून आलेल्याकडे जमीन अमानत असते आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. फरिश्त्यांचा तो प्रश्न अजून उभा आहे. त्याचे उत्तर आपण वागण्यातून द्यायचे आहे.

तर ज्यांनी लिकूसाठी डोळे पुसले त्यांना माझे सांगणे साधे आहे. शिक्षकांनो, स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहाची योजना आहे. दिवाळीआधी ते कार्ड मुलाच्या हातात पडले का ते बघा, नंतर पटावर गैरहजेरी लावा. तलाठी म्हणून ज्यांनी नोकरी केली त्यांनी पाड्यावरच्या घरांच्या जागेचा कागद कसा होतो ते त्यांना बसून सांगावे. वनहक्काचा कायदा २००६ सालचा आहे, तो समजावून सांगायला पेन्शन आड येत नाही. आणि मोहल्लेवाल्यांनो, रमजानमध्ये सदका वाटताना पाड्याची वाट विचारा. जाताना नुसती पिशवी नेऊ नका. जातीच्या दाखल्याचा अर्ज लिहून देणारे एखादे शिकलेले पोरही बरोबर न्या. ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्यालाच पाठवा म्हणते मी.